देवझिऱ्याची लाली

रानो ओश शहरातून आली तेव्हा मुसळघर चालू होतं. कालव्यावरची फळी ओलांडून ती दाराशी आली. दार आतून लावलेलं. खिडक्यांच्या झडपा बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. हंगामात हे असंच असायचं. आत तीन मुसळं आळीपाळीनं पडत होती, त्यात दारावरची मूठ कुणाला ऐकू येणार? तिसरा घाव पडला की पुढच्या घावाआधी जी क्षणभर उसंत मिळते, तिच्यात मूठ आपटायची, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तशी आपटली तेव्हा बुवसारा-खालानं कडी काढली.

"ये ये, लवकर आत ये. लाली जाईल बाहेर."

आत विटेच्या भुग्यासारखा तांबूस धुरळा भरला होता. आधी बुवसाराचं सूप दिसलं, मग तिचे हात, मग ती. पलीकडे पाणचक्कीच्या दांड्याशी रानोचा बाप तोख्तासिन उभा होता, भुवया आणि मिशा तांबड्या झालेला. आई सगळ्यांत शेवटी दिसली. तिसऱ्या उखळाशी ती उकिडवी बसली होती. तोंडावर रुमाल होता आणि डोळे मिटलेले.

"झोपली काय गं ही?"

"ऐकतेय," बुवसारा म्हणाली. "गप्प राहा."

आईनं, म्हणजे अंजिरतनं, डोळे न उघडता हात वर केला. तोख्तासिन तिच्या हाताकडेच बघत होता. त्यानं आकडा टाकून तिसरं मुसळ अधांतरी अडकवलं. चाळीस वर्षं त्या मुसळांजवळ काढून त्याचे कान गेले होते. बायकोचा हात हेच त्याचं ऐकणं. भाताचं टरफल सुटलं की मुसळाचा आवाज बदलतो. दोन घाव कमी पडले तर तूस राहतं, दोन जास्त पडले तर कणी होते. तो बदल अंजिरतला जसा कळे तसा कालव्याच्या दोन्ही काठांवर कुणालाच कळत नसे.

लेकीला बघून ती उठली. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर, मध्ये थांबून, पुन्हा उठली.

"का आलीस?"

"शाळेला सुट्टी लागली, ओयी."

"सुट्टीला अजून चार दिवस आहेत."

आईनं बुवसाराकडे पाहिलं. बुवसारा एकदम जोरात पाखडायला लागली. फोन तिनंच केला होता. "तुझी आई हल्ली बसून झोपते," एवढंच म्हणाली होती.

*

देवझिरा घेणारा माणूस आधी दाण्याची लांबी बघत नाही. मूठभर तांदूळ तळव्यावर घेतो, दुसऱ्या तळव्यानं रगडतो आणि हात पालथे करून तांदूळ टाकून देतो. तळव्यांना लाली लागली असेल तर तांदूळ खरा. मग तो विकणाऱ्याला विचारतो, "बंद दारात?" विकणाऱ्यानं म्हणायचं, "बंद दारात." इतकं झालं की सौदा झाला. कांडताना लाली उडते, वारा लागला तर निघून जाते, दार लावलं तर पुन्हा दाण्यावर बसते. अंजिरतला हे तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं.

शुक्रवारी मुसळघर बंद असे. त्या दिवशी रानो आईला उझगेनच्या दवाखान्यात घेऊन गेली. सरळ सांगितलं असतं तर ती आली नसती. सुताच्या बाजाराला जायचंय असं सांगून गाडीत बसवलं. दवाखान्याच्या फाटकाशी अंजिरत म्हणाली, "इथं सूत मिळतं होय?" आणि निमूटपणे आत गेली.

डॉक्टर तरुण होती. पाठीला नळी लावून तिनं बराच वेळ ऐकलं.

"काम काय करता, खाला?"

"तांदूळ कांडते."

"किती वर्षं?"

"एकतीस."

"कुठल्या दिवशी बरं वाटतं?"

अंजिरतनं जरा विचार केला. "शुक्रवारी. आणि हंगाम संपला की मी पोरीसारखी असते. उन्हाळ्यात टेकडी चढून अक्रोड वेचून आणते, विचारा हिला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे," डॉक्टर म्हणाली. "भाताची धूळ आहे ही. ती माणूस बघून धरते. एकाला आयुष्यभर शिंक येत नाही, दुसऱ्याच्या छातीतल्या नळ्या सुजतात, आकसतात. हा पंप देते. पण पंप मारून पुन्हा त्याच धुळीत बसलात तर मी काय करू? काम सोडा."

"बाई, तुमच्या लग्नातला पुलाव कुठल्या तांदळाचा होता?"

डॉक्टर हसली. "देवझिऱ्याचा."

"मग?" अंजिरत म्हणाली आणि पाठीवरचा सदरा खाली ओढला.

परतीच्या गाडीत रानोनं पुन्हा विषय काढला. आईनं बाहेर बघत उत्तर दिलं. कापणी झालेल्या भातखाचरांत पाणी साचलं होतं, त्यात बगळे उभे होते.

"उस्ताद होशिम येतील सहा तारखेला. अर्ध्या ओशची लग्नं त्यांच्या कढईवर होतात. बावीस घरांचा भात माझ्याकडे येतो तो त्यांच्यासाठी. त्यांनी हात काढून घेतला की बावीस घरं विजेच्या गिरणीत जातील. मग मी घरी बसून श्वास घेऊ तो कशासाठी?"

"जगण्यासाठी."

"तू मास्तरीण आहेस. तुला असं बोलता येतं."

पंप तिनं ओढणीच्या गाठीत बांधला. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, "गाठीत काय गं?" तेव्हा म्हणाली, "सूत."

*

रानोच्या डोक्यात मात्र एक गोष्ट घर करून बसली. धूळ उडते ती कोरडी असते म्हणून. अंगण झाडण्याआधी आपण पाणी शिंपडतोच की. शनिवारी आई दुपारच्या नमाजासाठी घरात गेली तेव्हा तिनं झारी भरून आणली आणि दुसऱ्या उखळात ओंजळभर, मग आणखी ओंजळभर पाणी शिंपडलं. बापाला वाटलं, आईनंच सांगितलं असेल. धुरळा खरोखरच बसला. पलीकडची भिंत दिसायला लागली.

"बघा बाई," बुवसारा म्हणाली, "वीस वर्षांत ती खुंटी आज दिसली मला. मीच हरवली म्हणून बोंबलत होते ती चाळण तिथं लटकतेय!"

तेवढ्यात अंगणातून आईचा आवाज आला. ती पळत नव्हती, तिला पळता येत नव्हतं, पण आवाज पळत आला.

"भिजवलं कुणी? कुणी भिजवलं ते?"

उखळ उपसलं तर तळाला तांबडा लगदा. दाणे तडकलेले, लाली सगळी लाकडाला चिकटलेली. अंजिरतनं मूठभर हातात घेतलं, रगडलं. तळव्यावर चिखल झाला. तिनं तो ओढणीला पुसला आणि रानोकडे बघितलंसुद्धा नाही.

भात शेजारच्या हालमतचा होता. संध्याकाळी तो आला, पोतं उघडून बघितलं आणि टोपी मागं सारली.

"हे काय, आपा?"

"माझ्या हातून झालं," अंजिरत म्हणाली. "आवाज कळला नाही."

रानो पुढं झाली, तेव्हा आईनं कोपरानं तिला मागं दाबलं. हालमतनं पोत्याचं तोंड मिटलं. वाईट माणूस नव्हता तो, पण दारात आणखी दोघं उभे होते आणि त्यांच्यासमोर काहीतरी बोलणं भाग होतं.

"आपा, कान गेले असतील तर तसं सांगा. एका घरात दोन बहिरे झाले तर आम्ही भात कुठं न्यायचा?"

दारातले दोघं हसले. अंजिरतनं आपल्या कणगीतला तांदूळ मापून त्याचं पोतं भरून दिलं, वर चार मुठी जास्त घातल्या आणि पोत्याचं तोंड स्वतः शिवलं. प्रत्येक टाक्यानंतर ती तोंड उघडून श्वास घेत होती, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा.

"मी सांगते त्याला," तो गेल्यावर रानो म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "ओयी, तुझ्या कानाबद्दल बोलला तो! तुझ्या!"

"तू सुट्टी संपली की जाशील. इथलं बोलणं इथं राहणार. माझी पाठ रुंद आहे." मग जराशानं म्हणाली, "पाणी मीही शिंपडलं होतं. लग्न झालं त्या वर्षी. सासूनं सुपानं मारलं होतं मला."

*

सोमवारी उस्तादांचा भात काढला. तीन वर्षं मुरलेला, जड. धुरळाही तसाच जड उठला. रानो तोंडाला फडकं बांधून बुवसाराबरोबर चाळायला बसली होती. डोळे चुरचुरत होते. बुवसारा कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगत होती; सुनेनं सासऱ्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि सासऱ्यानं तो गुपचूप पिऊन टाकला, कारण सून देखणी होती. स्वतःच्याच गोष्टीवर ती हसत होती, हसता हसता खोकत होती.

आईच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. रानोला तो मुसळांच्या मधल्या फटीत ऐकू येई. बापाला तो कधीच ऐकू आला नव्हता. एवढी वर्षं शेजारी झोपून त्या माणसाला आपल्या बायकोच्या छातीत काय वाजतं ते माहीत नव्हतं.

त्याला ते दिसलं. अंजिरतनं हात वर केला. त्यानं आकडा टाकायला बघितलं, तर हात मुसळाची खूण करत नव्हता, हवा धरत होता. रुमाल गळून पडला होता आणि ओठ पिकल्या तुतीच्या रंगाचे झाले होते.

तोख्तासिन ओरडला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. मुसळांच्याही वर गेला तो. त्यानं कडी काढली नाही, लाथेनं दार उघडलं, अडसर मोडून पडला. मग खिडक्यांच्या झडपा एकेक करून फेकून दिल्या. चिंध्या फटींतून लोंबत राहिल्या. बायकोला त्यानं पोत्यासारखी नव्हे, कढईसारखी उचलली, दोन्ही हातांनी, सांडू नये अशी, आणि कालव्यापलीकडे पॉपलरच्या झाडाखाली नेऊन टेकवून बसवली.

रानोनं आईच्या ओढणीची गाठ दातानं सोडली. पंप तोंडात दिला. एकदा. दुसऱ्यांदा. टेकडीवरचा वारा खाली येत होता. पानं सळसळत होती, पिवळी, नाण्याएवढी. अंजिरत दोन्ही मुठींत गवत धरून बसली होती आणि एकेक श्वास विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढत होती. बाप समोर उकिडवा बसून तिच्या ओठांकडे बघत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला सांगायचं नाहीस? मला सांगायचं नाहीस होय?"

अर्ध्या तासानं ओठांचा रंग परतला. मग तिनं हात वर केला.

"काय? काय हवंय, ओयी?"

"तिसरं," ती म्हणाली. "झालंय. कणी होईल."

पाणी बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. उघड्या दारांचं मुसळघर इतका वेळ आपलं आपण कांडत होतं. रानोनं बापाला खूण केली. तोख्तासिननं बायकोकडे असं पाहिलं, की रानोला हसू आलं आणि मग हसू थांबेना. तो शिव्या देत धावला.

*

"गेला तो घाणा," बुवसारा म्हणाली. "वाऱ्यात पडला होता सगळा. लाली कसली राहतेय."

"आण इकडं," अंजिरत म्हणाली.

परडीत घालून रानोनं तांदूळ झाडाखाली आणला. आईनं मूठ घेतली, रगडली, हात पालथे केले. तळवे बघितले. ओढणीला पुसले, पुन्हा मूठ घेतली, पुन्हा रगडली. मग म्हणाली, "कालचा आण. बंद दारातला."

तो आणला. तिनं डाव्या हातानं एक घेतला, उजव्या हातानं दुसरा. दोन्ही तळवे पुढं केले. रानो बघत होती, बुवसारा बघत होती, बाप बघत होता. दोन्ही तळव्यांवर सारखीच लाली होती, मेंदी धुऊन दुसऱ्या दिवशी राहते तशी.



अंजिरत एका घाण्यावर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. पुढचे दोन दिवस ती झाडाखालून हलली नाही, पण काम तिचंच चाललं. एक घाणा दार लावून, एक उघडून. आतून हात दिसत नाही म्हणून नवऱ्याच्या मनगटाला दोरी बांधली आणि तिचं टोक कालव्यावरून आपल्याकडे घेतलं. आवाज बदलला की ती दोरी ओढे. बुवसारा म्हणाली, "एवढी वर्षं लोक म्हणत होतेच की बायकोनं दोरीला बांधलाय, आता दिसलं तरी." बंद दाराच्या पोत्याला लाल धागा, उघड्याच्या पोत्याला पांढरा. मग धागे झाकून ती एकेकाला बोलवी आणि पांढऱ्या रुमालावर रगडायला लावी. बुवसारानं तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा चुकली. हालमत आपली उरलेली पोती घेऊन जायला आला होता, त्यालाही रगडायला लावलं. तो डोळे बारीक करून म्हणाला, "हा बंद दारातला, शंभर टक्के." तो उघड्या दारातला होता. पोती तिथंच ठेवून गेला.

लाली दाण्याच्या सालीत होती. उडत होती ती नुसती धूळ.

बुधवारी उन्हं कलताना सगळे चहाला बसले. आंबटगोड बिहीच्या फोडी होत्या, रोटी होती. अंजिरतनं रोटी मोडली, सगळ्यांपुढे ठेवली, स्वतः घेतली नाही.

"सासूबाई खोकून गेल्या," ती म्हणाली. "आम्ही म्हणायचो, पाण्याकाठचा गारठा बाधला."

"ओयी, तुला काय माहीत—"

"फटींत चिंध्या कोंबायचं काम माझ्याकडे होतं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून. त्यांना मी कोंबलेलं फार आवडायचं. म्हणायच्या, माझ्या सुनेच्या हातून मुंगी जाणार नाही." तिनं प्याला हातात फिरवला. "नीट कोंबायची मी."

पुढं आई वारल्यावर रानोला तिची पुष्कळ बोलणी आठवत राहिली, पण हे आठवलं की ती हातातलं काम थांबवी. त्या वेळी मात्र तिनं फक्त आईच्या प्याल्यात चहा ओतला, आणि बापानं, ज्याला एक शब्द ऐकू आला नव्हता, बिहीची सगळ्यात मोठी फोड उचलून बायकोच्या हातात दिली.

*

सहा तारखेला उस्ताद होशिम आले. पोट मोठं, दाढी पांढरी, बोटं वर्षानुवर्षं तेलाच्या वाफेत राहून गुळगुळीत झालेली. बरोबर ट्रक होता. अंगणात बावीस घरांतले दहाबारा जण आधीच जमले होते. आपला भात विकला जातो की नाही ते बघायला.

रानोनं सकाळी आईला विचारलं होतं, "त्यांना काय सांगणार?"

"विचारतील ते सांगणार."

"ते विचारतील, बंद दारात? नुसतं हो म्हण, ओयी. तांदळात काही फरक नाही, तूच बघितलंस. खोटं कुठं आहे त्यात? पुढच्या वर्षीपासून दार उघडं ठेव, कुणाला कळणार आहे?"

आईनं वेणी घालायला पाठ पुढं केली.

उस्तादांनी मूठ घेतली, रगडली, हात पालथे केले, तळवे उन्हात धरले. दाढी हलली. "वा," ते म्हणाले. "अंजिरत, या वर्षी तर नवरीचे हात झाले माझे." सगळे हसले. "बंद दारात?"

अंजिरत उभी होती. उभं राहणं तिला जड जात होतं, तरी बाकावर बसली नव्हती.

"नाही, उस्ताद. उघड्या दारात."

हसणं विरलं. हालमतनं मान खाली घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "हिचं डोकं फिरलंय."

"चेष्टा करतेस?"

"खिडक्यासुद्धा उघड्या होत्या. निम्मी पोती तशी, निम्मी बंद दारातली. लाल धागा बंद, पांढरा उघडा. तुम्ही आता रगडलंत ते पांढऱ्या धाग्याचं." ती थांबली, श्वास भरला. लोक थांबले, तिला घाई नव्हती. "माझ्या छातीत ती धूळ बसलीय. बुवसाराच्या बसतेय. सासूच्या होती. लालीसाठी म्हणून दार लावत होतो, आणि लाली दाण्यातनं हलतच नव्हती. तुम्ही बघा. रगडून बघा, शिजवून बघा."

उस्ताद बराच वेळ तळवे बघत राहिले. मग ट्रकमधून दोन कढया उतरवायला सांगितल्या. स्वयंपाकी माणूस, हातावर विश्वास नसला तरी जिभेवर होता. दोन चुली मांडल्या, दोन कढया चढल्या, तेल, कांदा, मांस, पिवळं गाजर, तांदूळ. दोन तास अंगणात कुणी हललं नाही. झाकणं काढल्यावर त्यांनी या कढईतला घास घेतला, त्या कढईतला घेतला, पुन्हा या. बोटं चाटली. मग दोन्ही कढयांकडे असं बघितलं, जसं जुळ्या मुलांची आई कोणता कुठला ते ओळखायला लावते तेव्हा आपण बघतो.

"भरा," ते ट्रकवाल्याला म्हणाले. "सगळी भरा." मग अंजिरतजवळ येऊन आवाज उतरवला. "पण ऐक, बहिणी. मी कुणाला सांगायचा नाही. ओशमध्ये लग्नाची माणसं मला विचारतात, बंद दारातला ना? त्यांची आजी ऐकत असते. मी हो म्हणेन. तूही गप्प राहा. तुझं झालं ना काम?"

"माझं झालं," अंजिरत म्हणाली. "पण तुम्ही सांगा, उस्ताद. गप्पच राहायचं असतं तर मी मघाशी हो म्हटलं असतं."

जाताना उस्तादांनी तिच्या हातून चहा घेतला आणि दोन्ही हातांनी घेतला, जसा वडीलधाऱ्या माणसाकडून घेतात.

*

दुसऱ्या दिवशी रानोची गाडी दुपारची होती. सकाळी आई म्हणाली, "चल, सलोमतकडे जाऊन येऊ."

सलोमतचं मुसळघर कालव्याच्या खालच्या अंगाला, हाकेवर. हाकेवर म्हणजे पूर्वी. आता अंजिरत वीस पावलं चाले आणि एखाद्या झाडाला हात लावून उभी राही, झाड बघायला थांबल्यासारखी. त्या दोघींचं पंधरा वर्षं पटत नव्हतं. कुणाचा तांदूळ जास्त लाल यावरून सुरू झालं होतं, मग एका बारशात एकीनं दुसरीला ताट वाढलं नाही, आणि मग राहिलंच.

मुसळघराचं दार बंद होतं. खिडक्या बंद. फटींत चिंध्या, नव्या, नीट कोंबलेल्या. कुणी नवी सून आली असावी. आत मुसळं पडत होती. रानो मूठ आपटायला पुढं झाली, तेव्हा आईनं तिला थांबवलं, कान दिला, योग्य वेळ बघितली आणि स्वतः आपटली.

सलोमतनं दार बोटभर उघडलं. भुवया तांबड्या.

"तू?" ती म्हणाली. "ऐकलं मी तुझं. गावभर झालंय. स्वतःची लाली उडवलीस, आता माझी उडवायला आलीस?"

अंजिरतला बोलायचं होतं, पण चालून आल्यामुळे दम परतला नव्हता. रानोनं तोंड उघडलं. आईनं तिचा हात दाबला. सलोमत बघत राहिली. दार लावून घेता आलं असतं तिला, पण समोरची बाई कशी उभी आहे, छाती कशी वर जातेय, ते बघून तिचा हात कडीवरच राहिला. आतून कुणीतरी तरुण बाई खोकली. पुन्हा खोकली.

"लाली उडत नाही," अंजिरत शेवटी म्हणाली. "मी बघितलंय."

"तू बघितलंस!"

"हो. एकतीस वर्षं उशिरा." तिनं दाराच्या कडेला हात लावला. ढकललं नाही. "ती खोकतेय ती कोण?"

"सून आहे. नवी आहे. सवय होईल."

"नाही होत," अंजिरत म्हणाली.

आत मुसळं पडत होती. सलोमतनं मागं वळून पाहिलं, मग पुन्हा हिच्याकडे, हिच्या ओठांकडे. मग ती बाजूला झाली. अंजिरत आत गेली, धुरळ्यातून भिंत चाचपत पहिल्या खिडकीशी पोचली, आणि फटीतली चिंधी ओढून काढली.